चोकवर चालू, चोक काढला की बंद: वीडर आणि ग्रास कटरचा दर हंगामाचा त्रास

उसाच्या भरणीचे, म्हणजे बुडाला माती चढवण्याचे दिवस येतात, कोपऱ्यातला पॉवर वीडर (सरीतले तण काढणारे छोटे यंत्र) बाहेर निघतो, टाकीत पेट्रोल पडते आणि दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. शेवटी चोकवर इंजिन धरते. आता धरले म्हणून चोक काढावा, तर दोन गचके देऊन बंद. करवीर असो, कागल असो नाहीतर शिरोळ, हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि गावोगावच्या मिस्त्रींच्या दारात याच तक्रारीची यंत्रे येऊन उभी राहतात. मिस्त्री कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, उतरवतो, साफ करतो, इंजिन सुरू होते. पुढच्या हंगामाला तेच यंत्र, तीच तक्रार. "मिस्त्री, गेल्याच वर्षी साफ केलाय की कार्बोरेटर!" असे गिऱ्हाईक म्हणते आणि ते खरेही असते. कार्बोरेटर साफ झाला होता, पण ज्याने तो घाण होतो ते पेट्रोल काम संपल्यावर पुन्हा तसेच आत राहिले.

आधी हे लक्षण काय सांगते ते बघू. चोक म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप. ती लावली की हवा अडते, आतली ओढ वाढते आणि एरवी जिथून पुरेसे पेट्रोल येत नाही तिथूनही ते खेचले जाते. म्हणजे जे इंजिन फक्त चोकवर चालते त्याला हवा भरपूर मिळते आहे, पेट्रोल कमी पडते आहे. छोट्या इंजिनात बहुतेक वेळा याचे कारण पायलट जेट असते. केसासारखे बारीक भोक असलेला हा पितळी तुकडा. इंजिन कमी वेगावर असताना सगळी भिस्त याच्यावर. तो अर्धवट तुंबला असेल तर इंजिन बंद न पडता एकसारखे वर-खाली घुमत राहते, भार दिला की जरा बरे चालते आणि मोकळे सोडले की पुन्हा घुमते. ही त्याच दुखण्याची सुरुवात समजा.

जेट तुंबते कशाने? जुन्या पेट्रोलाने, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. देशात पेट्रोलमधले इथेनॉलचे सरासरी प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचले, २०२५ मध्ये ते २० टक्के झाले. आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको; मळीपासून आणि उसाच्या रसापासून इथेनॉल करणारे कारखाने आपल्याच शिवारात आहेत. इथेनॉलला नावे ठेवावीत असे माझे अजिबात म्हणणे नाही. त्याचा स्वभाव मात्र ओळखायला हवा. इथेनॉल पाणी ओढून घेते. नुसत्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ मिसळतच नाही, ते तळाला वेगळे बसते आणि दिसते. इथेनॉल असलेले पेट्रोल थोडे पाणी पोटात घेते, वरून स्वच्छ दिसते. आणि पाणी ठरावीक मर्यादेपुढे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून दोघेही पेट्रोल सोडून तळाला जाऊन बसतात. तळाला म्हणजे कुठे? टाकीच्या आणि कार्बोरेटरच्या वाटीच्या बुडाशी, जिथून जेट ओढते तिथेच.

हे डोळ्यांनी बघायचे असेल तर मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या उभ्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घाला, हलवा, पाच मिनिटे थांबा. उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको. खालचा थर १० वर राहत नाही. २० टक्क्यांचे पेट्रोल असेल तर तो पंचविशीपुढे चढलेला दिसेल. पाण्याने इथेनॉल आपल्याकडे ओढून घेतलेले असते.

दुसरा परिणाम जास्त सूक्ष्म आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जेटचे भोक तेवढेच असले तरी मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. नव्या मोटारसायकलला इंजेक्शन असते, ती आपले आपण पेट्रोल वाढवून घेते. वीडरच्या कार्बोरेटरला ती सोय नाही. पूर्वी पायलट जेट थोडे तुंबलेले असले तरी इंजिन कसेबसे निभावून न्यायचे, आता निभत नाही. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या, विशेषतः जुन्या मॉडेलच्या, पुस्तिकेत इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल असे छापलेले असते. आपल्या यंत्राची पुस्तिका काढून ती ओळ एकदा वाचा. मर्यादा १० टक्क्यांची असेल तर रबरी नळ्या, वॉशर आणि डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ लवचीक पडदा) यांच्यावर जास्त लक्ष ठेवावे लागेल. ते फुगतात, मऊ पडतात नाहीतर तडकतात.

आता आपल्या भागातली खास गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. वीडर आणि ग्रास कटर वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी पडून असतात, म्हणून दोघांचे दुखणे वरून सारखे दिसले तरी आतून वेगळे असते. सुरू हंगामाच्या उसाची मोठी भरणी उरकली की वीडर ठेवला जातो आणि त्याच्या डोक्यावरून अख्खा पावसाळा जातो. टाकी अर्धी रिकामी, टोपणाच्या भोकातून दमट हवा आत-बाहेर करते, राधानगरी-गगनबावड्याकडे तर कपड्यालाही बुरशी धरते. या यंत्राच्या वाटीत पाणी सापडते, बुडाशी पांढरी पूड सापडते. ग्रास कटरचे उलट. बांधावरचे गवत कापण्याचे काम जुलैपासून दिवाळीपर्यंत, मग ते यंत्र हिवाळा आणि उन्हाळा पत्र्याखाली काढते. एप्रिल-मेच्या तापात पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि जो उरतो तो चिकट, पिवळसर, वार्निशसारखा. तो जेटमध्ये आणि डायफ्रामवर वाळतो. पहिल्यात पाणी शोधा, दुसऱ्यात चिकटा शोधा.

आजचे इंजिन सोडवताना लगेच कार्बोरेटर उतरवू नका. क्रम असा ठेवा. टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढा आणि काचेच्या बरणीत घेऊन बघा. थर दिसला किंवा आंबूस, रंगासारखा वास आला तर ते फेकण्याच्याच लायकीचे. फेकायचे म्हणजे विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतायचे नाही, हे सांगावे लागते कारण मी ते बघतो. ताजे लिटरभर पेट्रोल घाला. कार्बोरेटरच्या वाटीखाली एक छोटा बोल्ट असतो, त्याखाली भांडे धरा, पेट्रोलचा कॉक उघडा आणि तो बोल्ट सोडा. पेट्रोलची सलग धार लागली पाहिजे. थेंब थेंब आले तर दोष कार्बोरेटरच्या अलीकडे आहे: कॉकची जाळी, नळी किंवा टाकीचे टोपण. टोपण सैल करून बघा. धार वाढली तर टोपणाचे हवेचे भोक मातीने बुजले आहे, एवढेच. वीस मिनिटे चालून बंद पडणाऱ्या आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होणाऱ्या इंजिनातही आधी हे टोपण बघायचे, मग ठिणगी देणाऱ्या कॉइलवर संशय घ्यायचा.

धार ठीक असेल तर चोक लावून पाच-सहा वेळा दोरी ओढा आणि प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत जात नाही, म्हणजे कार्बोरेटर उघडायची वेळ आली. प्लग ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगी तपासा. प्लगचे धातूचे अंग इंजिनला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी नसेल तर नवा प्लग लावून बघा. तरीही नसेल तर कॉइल मागवण्याआधी स्विचची वायर सोडून बघा. वीडरच्या दांड्यावरून खाली येणारी ही वायर घासून उघडी पडते नाहीतर उंदीर कुरतडतात, आणि ती इंजिनच्या अंगाला टेकली की ठिणगी बंद. चांगल्या कॉइली या एका वायरपायी बदलल्या जातात.

कार्बोरेटर उघडताना वाटीचे गॅस्केट जपा. वाटीतला गाळ पुसा, फ्लोट (वाटीतला पोकळ तरंगता तुकडा) हलवून बघा, त्यात पेट्रोल शिरले नाही ना ते कानाशी हलवून ऐका. मेन जेट मधल्या खांबात तळाशी असते, ते स्क्रूड्रायव्हरने निघते. त्याच्या वरची भोकाभोकांची नळीही काढा, तिची बारीक भोके मिस्त्रीसुद्धा विसरतात. पायलट जेट बाजूला असते. काही मॉडेलमध्ये ते आयडलच्या (कमी वेग ठरवणाऱ्या) स्क्रूखाली प्लास्टिकच्या डोक्यासकट दाबून बसवलेले असते, बाहेरून दिसतच नाही. वीडरच्या बाबतीत "साफ केला तरी फरक नाही" असे जिथे होते तिथे बहुतेक वेळा हेच जेट न काढता नुसता फवारा मारलेला असतो. हवेचा स्क्रू काढायचा असेल तर आधी तो आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा.

जेटमध्ये सुई, टाचणी, खराट्याची काडी घालू नका. पितळ मऊ असते, भोक रुंदावले की इंजिन पेट्रोल प्यायला लागते आणि ते पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. कार्ब क्लीनर मारा, थोडा वेळ भिजू द्या, पंक्चरवाल्याकडची हवा मारा, आणि उजेडाकडे धरून भोक गोल दिसते का बघा. अगदीच निघाले नाही तर जुन्या वायरीतला तांब्याचा एक बारीक धागा हलक्या हाताने फिरवा. बाजारात पूर्ण नवा कार्बोरेटर स्वस्तात मिळतो आणि पुष्कळ जण तोच मार्ग धरतात. माझे मत विचाराल तर जुना मूळचा कार्बोरेटर चांगला असेल तर तो टाकू नये; नव्या नकलेची जेटे त्या इंजिनाच्या मापाची असतीलच असे नाही.

ग्रास कटरचा कार्बोरेटर वेगळा, त्यात वाटी नसते, डायफ्राम असतो. आधी खालचा रबरी बल्ब दाबा. बल्ब भरतच नसेल तर टाकीतली नळी तडकली आहे किंवा टाकीच्या आतला छोटा फिल्टर बसलाय. दाबताना बल्ब दगडासारखा लागत असेल तर पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जात नाही, वाट तुंबली आहे. दोन्ही ठीक असून यंत्र चोकवरच चालत असेल तर डायफ्राम काढून बोटाने दाबा. तो कापडासारखा लवचीक हवा. वाळून कडक झालेला, सुरकुतलेला डायफ्राम धुऊन कामाचा नाही, किट बदला. टू-स्ट्रोक यंत्राला ऑइलचे माप पुस्तिकेत असेल तेच: १:५० म्हणजे लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. टोपणाने अंदाजे ओतू नका. आणि ऑइल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी गेले असेल तर ते वापरूच नका, कारण तळाच्या पाणी-इथेनॉलच्या थरात ऑइल नसते आणि पिस्टन कोरडा पडून ओरखडतो. फोर-स्ट्रोक ग्रास कटरमध्ये ऑइल जेमतेम ८० ते १०० मिली मावते, म्हणून रोज सकाळी पातळी बघायची.

एवढे करूनही फरक पडला नाही तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले गॅस्केट आणि जाड वॉशर बघा. तिथून चोरटी हवा जात असेल तर लक्षण तंतोतंत तेच दिसते, आणि जेट कितीही साफ केले तरी उपयोग होत नाही.

आता नेहमीच्या देखभालीबद्दल. होंडा जीएक्स१६० आणि त्या मापाच्या इंजिनांचे आकडे देतो. तुमचे इंजिन दुसरे असेल तर त्याची पुस्तिका प्रमाण. ऑइल सुमारे ०.६ लिटर, पहिले २० तासांनी बदलायचे, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिमी. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट इंजिन गार असताना इनलेट ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी. एअर फिल्टर दर ५० तासांनी, पण मे महिन्यात कोरड्या सरीत वीडर धुळीच्या लोटात चालतो तेव्हा ५० तासांची वाट बघायची नाही, रोज संध्याकाळी उघडायचा. फोम साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, स्वच्छ इंजिन ऑइलचे थेंब टाकून पिळा. कागदी फिल्टरला ऑइल लावायचे नाही. ऑइलची वाटी असलेला फिल्टर असेल तर खुणेपर्यंतच ऑइल.

ऑइलची पट्टी बघताना वासही घ्या. पातळी आपोआप वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर फ्लोटची नीडल (वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई) गळते आहे आणि पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरले आहे. तसे इंजिन चालवू नका. हे बहुधा प्रवासात होते: वीडर टेम्पोत घातला, कॉक उघडाच राहिला, पाणंदीच्या खड्ड्यांत फ्लोट उड्या मारत राहिला. गाडीत चढवण्याआधी कॉक बंद करायचा. आणि यंत्र कलते करायचेच असेल तर कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहतील असे. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या उतारावर इंजिन मध्येच बंद पडत असेल तर ऑइलची पातळी आधी बघा. कमी ऑइलला इंजिन बंद करणारा सेन्सर काही यंत्रांत असतो आणि यंत्र कलले की तो काम करतो.

हंगाम संपल्यावर यंत्र कसे ठेवता यावर पुढचा हंगाम ठरतो. अर्धा तास लागतो. शेवटच्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करा. काढलेले पेट्रोल ताजे आणि ऑइल न मिसळलेले असेल तर मोटारसायकलमध्ये घाला; टू-टी (टू-स्ट्रोकचे ऑइल) मिसळलेले मात्र नाही. मग इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. इथे बरेच जण थांबतात, पण वाटीच्या तळाशी थोडे पेट्रोल तरीही उरते आणि जेट बुजवायला तेवढे पुरते, म्हणून खालचा बोल्ट सोडून तेही काढा. ग्रास कटरची टाकी ओतून घ्या, बल्ब दाबून नळ्या रिकाम्या करा, मग तोही बंद पडेपर्यंत चालवा. वीडरचा प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल घाला, दोरी हळू दोन-तीनदा ओढा, प्लग लावा आणि शेवटी दोरी जड लागेल तिथे थांबा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.

पूर्वी लोखंडी टाकीला गंज धरू नये म्हणून ती गच्च भरून ठेवायची पद्धत होती. यंत्र महिन्याच्या आत पुन्हा लागणार असेल तर आजही ती ठीक आहे. त्याहून जास्त दिवस असतील तर मी रिकामीच ठेवायला सांगतो. तसेच पेट्रोल महिन्याभरात संपेल इतकेच आणायचे, घट्ट टोपणाच्या पेट्रोलसाठीच्या कॅनमधून. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीतून नाही.

यंत्र ठेवायची जागाही बघा. गोठ्याला लागून ठेवलेल्या यंत्राचे पितळ आणि तांबे हिरवे पडते, गोमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाने. खताच्या पोत्यांशेजारीही नको, युरिया आणि पोटॅश ओल धरून बसतात. फळीवर, वारा लागेल असे, कापडाने झाकून ठेवा. प्लास्टिकचा कागद गुंडाळला की आतली ओल आतच राहते. पुन्हा वापरायच्या आधी पंख्याचे कव्हर उघडून उंदराचे घरटे नाही ना बघा, ते असेल तर इंजिन तापून बसते.

नदीकाठच्या गावांना हे पुरेसे नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ कडे चढते आहे असे कळले की जनावरांबरोबर यंत्राचीही व्यवस्था करा, माळ्यावर किंवा उंचावरच्या पाहुण्यांकडे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेली कितीतरी इंजिने पुरापेक्षा नंतरच्या घाईने गेली. पाणी उतरल्यावर "बघू चालू होतंय काय" म्हणून दोरी ओढायची नाही. आत पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पहिल्यांदा प्लग काढा, भोक खाली करून पाणी निघू द्या, मग दोरी अगदी हळू ओढा. ऑइल काढा, ते दुधासारखे आले तर आत पाणी आहे. टाकी, वाटी, एअर फिल्टर सगळे रिकामे करून चिखल स्वच्छ पाण्याने धुवा आणि वाळवा. मॅग्नेटच्या कव्हराखालचा गाळ काढा. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घाला, नवे ऑइल भरा, नवा प्लग, ताजे पेट्रोल. हे पहिल्या एक-दोन दिवसांत झाले तर बेअरिंग आणि सिलिंडर गंजण्याआधी इंजिन वाचते. चालू झाले की भार न देता पंधरा मिनिटे चालवा, बंद करा, आणि ते ऑइल गरम असतानाच काढून पुन्हा नवे भरा. पहिल्या ऑइलने आतले राहिलेले पाणी ओढून घेतलेले असते.